सहा बाय सातच्या स्वयंपाकघरात गरम पाणी हवंय: कमी जागेत कोणता गिझर बसेल? (सोलापूर)

भाकरीवाली_लेक
८ डिसेंबर, रात्री ९:१२

नमस्कार. आमचं घर बाळीवेशीजवळ, जुनं. स्वयंपाकघर सहा फूट बाय सात फूट. त्यातच ओटा, फ्रिज, पिठाचे डबे आणि भाकऱ्या वाळवायची टोपली. आई कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते, वीस वर्षं झाली. पहाटे साडेचारला उठते, सातपर्यंत पहिली खेप तव्यावरून उतरलेली असते.

बाहेरगावच्यांना सोलापूर म्हटलं की फक्त ऊन आठवतं. पण डिसेंबरात पहाटे पाच वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेऊन बघा. आईच्या बोटांचे सांधे सुजतात. डॉक्टरांनी गार पाण्यात हात घालू नका म्हणून सांगितलंय. पण भांडी घासायला बाई ठेवू देत नाही, आणि शेंगदाण्याच्या तेलानं माखलेलं मिक्सरचं भांडं गार पाण्यानं निघत नाही. मग पातेल्यात पाणी तापवते, म्हणजे भाकरीच्या ऐन घाईत एक शेगडी अडून बसते.

मापं घेतली आहेत. सिंक खिडकीच्या उजवीकडे. खिडकीच्या चौकटीपासून भांड्यांच्या मांडणीपर्यंत पंधरा इंच भिंत मोकळी आहे. नळाच्या वर फळीपर्यंत सव्वीस इंच उंची. ओट्याखाली सिंकच्या शेजारीच सिलिंडर. फ्रिजचा सोडला तर प्लग एकच, मिक्सरचा. नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मध्ये बोअर.

एक लिटर, तीन लिटर, सहा लिटर असं सगळं दुकानात दाखवतात. सिंकखाली बसणारा पण असतो म्हणे. गॅसवरचा घ्यावा का? आणि त्याच पाण्यात भाकरीचं पीठ मळता आलं तर शेगडी पूर्णच मोकळी होईल. भोगीच्या आत बसवायचाय, त्या आठवड्यात बाजरीच्या भाकरीच्या ऑर्डरी आणि लगेच सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, मग आईला श्वास घ्यायलाही वेळ नसतो.

कारखाना_पूर्वभाग
८ डिसेंबर, रात्री ९:४०

ताई, गॅस गिझर घ्या की ओ. आमच्या टॉवेलच्या कारखान्यामागं मोरीत चार वर्षं झाली लावून. लाईट गेली तरी पाणी गरम, दोन सेल टाकले की झालं. नळ सोडला की पेटतो, बंद केला की विझतो. भिंतीवर पाटीएवढी जागा लागते. सिलिंडर तुमच्याकडं शेजारीच हाय, नळी पण लांब न्यायला नको.

जुळे_सोलापूर_गृहिणी
८ डिसेंबर, रात्री १०:०५

माझ्याकडे तीन लिटरचा विजेवरचा इन्स्टंट आहे, सिंकच्या वर, चार वर्षं. उंची पंधरा इंचांच्या आत, रुंदी-खोली नऊ-दहा इंच. तुमच्या जागेत बसेल. फक्त एक करा, गिझर भिंतीपासून किती पुढे येतो हे मोजताना भांडी घासणाऱ्याचं डोकं लक्षात घ्या. आमचा मिस्त्री नळाच्या बरोबर वर लावून गेला होता, वाकलं की कपाळाला लागायचा. मग हातभर बाजूला घ्यायला लावला.

आता पाण्याचं सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते बादलीच्या कडेला बघा. गार असताना ते पाण्यात विरघळलेले असतात. तापलं की गिझरच्या आतल्या, पाणी तापवणाऱ्या कॉइलवर पांढरा थर धरतात, आणि जितकं जास्त तापवाल तितका थर लवकर. पहिल्या दोन वर्षांत माझी कॉइल गेली. मिस्त्रीनं काढली तेव्हा वर खडूसारखी जाड पुटं होती. वीज तेवढीच जळत होती आणि पाणी कोमट. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक नळाच्या पाण्याची, एक बोअरची. गिझरची जोडणी नळाच्या टाकीवर घेतली. आणि दर वर्षी दिवाळीच्या आधी गिझर उतरवून, त्यात सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं लिंबूसत्त्व कालवलेलं पाणी तासभर भरून ठेवायचं आणि दोन-तीनदा खळबळून ओतायचं. प्लग काढून, मिस्त्री समोर असताना. त्यानंतर दोन वर्षं कॉइल ठीक आहे.

तुमच्याकडे टाकी एकच असेल तर वर्षातून दोनदा करा.

पुण्यातली_सोलापूरकर
८ डिसेंबर, रात्री ११:२०

आमच्या फ्लॅटमध्ये सिंकखाली सहा लिटरचा आहे. वरची भिंत पूर्ण मोकळी राहते, दिसायलाही छान. तुमच्या एवढ्याशा जागेत तोच उत्तम असं मला वाटतं. सिंकखालची जागा तशी वायाच जाते.

निवृत्त_मास्तर
९ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी आयटीआयमध्ये तीस वर्षं शिकवलं. तीन गोष्टींवर लिहितो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट लिटरची. दुकानदार लिटर सांगतो, तुम्ही वॅट विचारा. इन्स्टंट गिझर १ लिटरचा असो वा ३ लिटरचा, आतली कॉइल बहुतेक वेळा ३००० वॅटचीच असते. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात, हे कुठल्याच कंपनीला बदलता येत नाही. तुमच्या टाकीतलं पाणी पहाटे २० अंश धरू. भांड्यांना ४० अंशाचं पुरतं. मग ३ किलोवॅटची कॉइल मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर एवढंच पाणी सलग देऊ शकते. नळ त्याहून मोठा सोडला की पाणी कोमट येणार. गिझर खराब आहे म्हणून जे लोक दुकानात भांडायला जातात, त्यांतल्या पुष्कळांचा नळच मोठा असतो.

तीन लिटरचा फायदा असा की दोन मिनिटं आधी बटण दाबलं तर आतलं पाणी ५० अंशापर्यंत गेलेलं असतं. त्यात दीड लिटर गार मिसळलं की ४० अंशाचं साडेचार लिटर पाणी लगेच हातात. एक लिटरच्या गिझरला ही शिल्लक नसते. सहा लिटरचा ६० अंशाला तापवला तर ४० अंशाचं बारा लिटर मिळतं, पण तो आकारानं मोठा, आणि चालू ठेवून विसरलात तर नुसतं पाणी गरम राखण्यात वीज जाते. तुमच्या कामाला तीन लिटर योग्य.

खर्चही काढून बघा. दिवसाला वीस लिटर पाणी २० अंशांनी वाढवायचं म्हणजे अर्ध्या युनिटला थोडं कमी. महिन्याला चौदा-पंधरा युनिट. तेच पाणी शेगडीवर तापवलं आणि शेगडीची शंभरातली पासष्ट भाग उष्णता पातेल्याला लागते असं धरलं, तर महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास गॅस जातो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा आठवा भाग. तुमच्या बिलावर आत्ता किती युनिट पडतात ते बघा, कारण शंभर युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटचा दर वाढतो.

दुसरी गोष्ट, गॅस गिझर. कारखानावाल्या भाऊंचा मोरीतला गिझर चालतो, कारण ती मोरी कारखान्यामागं उघडी असावी. स्वयंपाकघराचं गणित वेगळं आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर दहा किलोवॅटहून जास्त उष्णता काढतो. मोठ्या शेगडीच्या कितीतरी पट. तासभर चालला तर किलोभर गॅस जाळतो. एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. सहा बाय सात, नऊ फूट उंच खोलीत एकूण हवा अकरा घनमीटरसुद्धा नाही. आणि पहाटे थंडीत तुमच्या आई खिडकी लावून बसत असणार. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, माणूस बसल्या जागी पडतो आणि आपल्याला काय होतंय हे त्याला कळतही नाही. शिवाय भाकरीची शेगडी त्याच खोलीत, तीच हवा खात असते. बंद खोलीत गॅस गिझर नको.

तिसरी गोष्ट सिंकखालच्या गिझरची. पुण्याच्या ताईंकडे गॅस बहुतेक पाइपचा असेल. इथे सिलिंडर सिंकच्या शेजारी आहे. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. रेग्युलेटर किंवा नळीतून झिरपला तर तो वर जात नाही, ओट्याखाली जमिनीलगत साठतो. गिझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, चालू-बंद होताना आत बारीक ठिणगी पडते. गॅस जिथे साठणार नेमका तिथेच विजेचा गिझर आणि प्लग ठेवायचा नाही. अजून एक, वर टांगायचा गिझर उलटा करून सिंकखाली लावून देणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. तसं केलं तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या नळ्यांची जागाच बदलते, वरच्या भागात हवा राहते आणि कॉइल कोरडी तापते. सिंकखालचा हवा असेल तर तो त्यासाठीच बनवलेला घ्यावा लागतो.

पुण्यातली_सोलापूरकर
९ डिसेंबर, सकाळी ९:१५

मास्तर, बरोबर ओळखलंत, आमच्याकडे पाइप गॅस आहे. सिलिंडर शेजारी आहे हे मी वाचलं होतं, पण त्याचा असा विचार केला नाही. ताई, माझा सल्ला मागे घेते.

भाकरीवाली_लेक
९ डिसेंबर, दुपारी १:३०

मास्तर, खूप आभार. खिडकीचं तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे. आई पहाटे खिडकी लावूनच काम करते, वाऱ्यानं शेगडीची ज्योत हलते म्हणून. गॅस गिझर आमच्यासाठी संपला.

बिल काढून बघितलं. आत्ता नव्वदच्या आसपास युनिट पडतात, म्हणजे थोडं शंभरच्या वर जाईल. आईच्या हातांसाठी ते चालेल.

मग तीन लिटरचा विजेवरचा, सिंकच्या वर बाजूला. प्लग मिक्सरचाच वापरला तर चालेल ना? आणि पीठ मळायचं कुणी सांगितलं नाही अजून.

वायरमन_अक्कलकोट_रोड
९ डिसेंबर, रात्री ८:५०

चालणार नाही ताई. थांबा, नीट सांगतो.

मिक्सरचा प्लग सहा अँपिअरचा असतो. सहा गुणिले २३०, म्हणजे १३८० वॅट, त्याच्या वर त्याला झेपत नाही. तुमचा गिझर ३००० वॅटचा, तेरा अँपिअर ओढतो. लोक काय करतात, सोळाचा मोठा सॉकेट आणतात आणि जुन्याच वायरीवर लावतात. सॉकेट मोठा दिसतो, पण भिंतीतली वायर तीच बारीक. आधी प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग वास येतो. मी बाळीवेस, मधला मारुती भागातली जुनी घरं खूप केलीत. काही ठिकाणी अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे.

असं करून घ्या. मीटरच्या बोर्डापासून गिझरला वेगळी वायर आणायची, तांब्याची, चार स्क्वेअरची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर जाडीची. अंतर कमी असेल तर अडीचची चालते, पण मी चारच टाकतो. तिला वेगळा वीसचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. सॉकेट सोळा अँपिअरचा. आणि तीस मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारं बटण, लावल्याशिवाय गिझर चालू करू नका. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागतं. ओल्या हाताच्या माणसाचं काम आहे हे.

आर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत सोडणारी वायर, तपासून घ्या. जुन्या घरात सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागं वायरच नसते. आर्थिंग नसेलच तर मीटरजवळ नवीन आर्थिंग खड्डा करावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. पाण्याच्या नळाला आर्थ बांधून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो एक किलोवॅट असेल तर गिझर लावायच्या आधी वाढवून घ्या.

बटण सिंकपासून लांब, शेगडीच्या वाफेपासून लांब. प्लग ओट्याच्या वर, सिलिंडरच्या बाजूला नाही, मास्तर म्हणाले तसंच.

माळवद_घर
९ डिसेंबर, रात्री ९:३०

वायरमन भाऊंनी सगळं सांगितलं, मी फक्त भिंतीचं सांगतो. जुनं घर म्हणालात म्हणून. आमचं घर माळवदाचं, भिंती दीड हात जाड, पण आत दगड आणि माती. मोठा गिझर लावला होता. ड्रिल केलं तेव्हा फास्टनर छान बसले असं वाटलं. तीन आठवड्यांनी एक सैल झाला आणि मुठीएवढा गिलावा खाली आला. नशीब, पाइपवर लटकून राहिला.

तीन लिटरचा हलका असतो, पाण्यासकट सहा-सात किलो. तरी मातीच्या भिंतीला साध्या स्क्रूवर विसंबू नका. आम्ही नंतर लोखंडी पट्टी करून घेतली, दोन टोकं दगडाच्या सांध्यात खोल सिमेंटनं पक्की केली आणि गिझर त्या पट्टीवर. टिकून आहे. भिंतीवर बोटानं टकटक करून बघा, पोकळ आवाज येतो तिथं काही लावू नका.

ज्वारी_मंगळवेढा
१० डिसेंबर, सकाळी ५:४०

लेकी, पिठाचं मी सांगते. मीसुद्धा चाळीस वर्षं भाकरी थापते आहे.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. म्हणून उकळतं पाणी लागतं, आधण. त्यानंच पीठ धरतं आणि भाकरीच्या कडा फाटत नाहीत. गिझरचं पाणी कितीही तापलं तरी हाताला चटका बसेल एवढंच, आधण नव्हे. त्या पाण्यानं मळलीस तर थापताना भाकरी चिरेल, आणि कडक भाकरीला तर कड साबूत हवी, नाहीतर गिऱ्हाईक तुकडे परत करतं. बाजरीचंही तेच.

शिवाय ते पाणी टाकीत थांबलेलं, क्षार बसलेल्या कॉइलवरून आलेलं, त्यात तुमचं बोअरचं. पोटात घालायचं नाही. आधणाचं पाणी पिण्याच्या पाण्याचंच, लहान पातेल्यात, भाकरीच्या शेगडीवरच दोन भाकऱ्यांच्या मध्ये होतं.

आणि एक आईला सांग, तिला ठाऊक असेलही. परातीला लागलेलं पीठ आधी गार पाण्यात भिजू द्यायचं. गरम पाणी ओतलं की ते शिजतं आणि गोंदासारखं बसतं. गार पाण्यात पंधरा मिनिटं परात पालथी बुडवून ठेवली की बोटानं सुटतं, घासावंही लागत नाही. गरम पाणी तेलाच्या भांड्याला, चटणीच्या उखळाला, तव्याला. त्यामुळं आईला गरम पाणी तू समजतेस त्याच्या निम्मंच लागेल.

निवृत्त_मास्तर
१० डिसेंबर, सकाळी ७:१०

ज्वारीच्या ताईंनी पिष्टाचा सगळा धडा चार ओळींत सांगितला. मी वर्गात हे उदाहरण देऊ शकलो असतो.

एक राहिलं होतं. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात टाकी रिकामी होते, हे धरूनच चालायचं. गिझरच्या आत येणाऱ्या नळीवर एका दिशेनंच पाणी सोडणारा व्हॉल्व्ह घालायला सांगा. तो नसेल आणि टाकी रिकामी झाली, तर गिझरमधलं पाणी उलटं वाहून जाऊ शकतं आणि पुढच्या वेळी बटण दाबलं की कोरडी कॉइल जळते. आईंना एक सवय लावा: आधी नळ सोडायचा, पाणी आलेलं बघायचं, मग बटण.

गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचाच हवा. गार पाण्याचा साधा पांढरा पाइप उष्णतेनं मऊ पडतो आणि सांध्यातून गळतो.

कारखाना_पूर्वभाग
१० डिसेंबर, दुपारी ३:००

मास्तर, तुमचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. मोरी उघडी हाय म्हणालात ते बरोबर, पण मागच्या पावसाळ्यात आम्ही तिला पत्रा मारून दार केलं. पाणी आत येतंय म्हणून. वरती जाळी होती, तीपण पोत्यानं झाकलेली. वडील रोज सकाळी दार लावून आंघोळ करतात. दोनदा म्हणाले होते, डोकं भणभणतंय. आम्ही म्हटलं, बीपी असंल.

आज सकाळी पोतं काढलं. पत्र्याला वर आणि खाली दोन्हीकडं हातभर भोक पाडून घेतलं. गिझर मोरीच्या बाहेर भिंतीला घ्यायला मिस्त्रीला बोलावलंय, उद्या येतो. तोवर बंद. वडिलांना घेऊन संध्याकाळी दवाखान्यात पण जाणार.

ताई, तुम्हाला चुकीचं सांगितलं, माफ करा.

निवृत्त_मास्तर
१० डिसेंबर, दुपारी ३:२५

भाऊ, बाहेर घेताय हे उत्तम. बाहेर घेताना वरून पाऊस लागणार नाही आणि वारा थेट ज्योतीवर येणार नाही असा आडोसा करा, पण बंद पेटी करू नका. दवाखान्यात गॅस गिझरचं आवर्जून सांगा, नाहीतर ते डोकेदुखीच समजतील.

होटगी_रोड_१९
११ डिसेंबर, रात्री १०:००

एवढं सगळं करण्यापेक्षा बादलीत रॉड का नाही? माझ्याकडे दीड हजार वॅटचा आहे, तीनशे-चारशेत येतो, खुंटीला टांगला की जागा शून्य.

वायरमन_अक्कलकोट_रोड
११ डिसेंबर, रात्री १०:३५

जागा शून्य खरं, पण बादली कुठं ठेवणार? सहा बाय सातच्या खोलीत बादली पायात येणार. पहाटेच्या घाईत पाणी किती तापलं बघायला माणूस नकळत हात घालतो, रॉड चालू असताना. मी असे शॉक बसलेले हात बघितलेत. वयस्कर माणसाच्या हातात रॉड देऊ नका. नळाच्या तोंडाला लावायचे तीन किलोवॅटचे छोटे हीटर स्वस्तात मिळतात तेही नको, आयएसआय खूण बहुतेकांवर नसते आणि ओला धातू थेट हातात येतो. गिझरवर आयएसआय बघून घ्या.

कारखाना_पूर्वभाग
१४ डिसेंबर, सकाळी ८:१५

गिझर बाहेर आला. वडिलांचं बीपी नॉर्मल हाय. डॉक्टरांनी गिझरचं ऐकलं आणि म्हणाले, बरं झालं काढलात. तीन दिवस झाले, डोकं दुखलं नाही म्हणतात.

भाकरीवाली_लेक
२८ डिसेंबर, रात्री ८:४०

बसला. सगळ्यांना सांगायचं म्हणून आधी इथे आले.

नव्या पेठेतून तीन लिटरचा घेतला, ३००० वॅट, आयएसआय. पण गिझरपेक्षा वायरिंगचाच खर्च जास्त झाला. आमच्या मीटरजवळ आर्थिंग नव्हतंच. तिसरं भोक होतं, मागं काही नाही, वायरमन भाऊंनी लिहिलं होतं अगदी तसं. अंगणात नवा खड्डा केला, चार स्क्वेअरची वायर मीटरपासून आणली, एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही बसवले. मंजूर भार वाढवायचा अर्जही केला. आई दोन दिवस म्हणत होती, एवढ्या पैशांत दोन क्विंटल ज्वारी आली असती. मी तिला कारखान्याच्या भाऊंची पोस्ट वाचून दाखवली, मग गप्प बसली.

भिंत टकटकवून बघितली. खिडकीजवळ पोकळ आवाज येत होता, म्हणून मांडणी चार इंच सरकवली आणि गिझर तिकडच्या बाजूला घेतला, लोखंडी पट्टीवर. नळापासून वीतभर बाजूला आहे, कपाळाला लागत नाही. आमची टाकी एकच, त्यामुळे लिंबूसत्त्वाची आठवण फोनमध्ये जूनची आणि डिसेंबरची लावून ठेवली.

परातीचं आईला ठाऊक होतं. ती म्हणाली, "एवढं कळत नसतं तर भाकरी कशी विकली असती?" पण तोवर घाईत ती गरम पाणीच ओतत होती, कारण गार पाण्यात हात घालायला नको. आता परात रात्रीच बादलीत पालथी घालते आणि सकाळी चिमट्यानं उचलते.

आज पहाटे मी मुद्दाम उठून बघायला गेले. तिनं आधी नळ सोडला, पाणी आलेलं बघितलं, मग बटण दाबलं. मिक्सरचं भांडं घासलं, उखळ घासलं आणि नंतर भांडी संपली तरी अर्धा मिनिट नुसते हात नळाखाली धरून उभी राहिली. मी काही बोलले नाही.

एकच अडलंय. बटण वायरमननं सिंकपासून लांब म्हणून दाराच्या बाजूला, बरंच उंच लावलंय. आईचा हात पोचतो, पण टाच उचलावी लागते. मंगळवारी तो खाली घ्यायला येतोय. किती उंचीवर घ्यावं? आईची उंची चार फूट दहा इंच.

वायरमन_अक्कलकोट_रोड
२८ डिसेंबर, रात्री ९:०५

जमिनीपासून चार फूट. ओट्याच्या वर राहील आणि पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत. दाराच्या कडीपासून वीतभर लांब घ्यायला सांगा.